एकोणतिसावं घर

थंडीच्या दिवसांत तांब्याचं भांडं चिंचेनं घासलं की हाताला एक वास लागतो. तो साबणानं जात नाही. थोडा ओल्या मातीसारखा, थोडा रक्तासारखा, आणि त्यात चिंचेचा आंबटपणा मिसळलेला असा तो वास बोटांच्या पेरांत दुपारपर्यंत रेंगाळतो, कणीक मळताना कणकेतही उतरल्यासारखा वाटतो. वीसेक वर्षं मी रोज सकाळी तो वास घेत आले. ओट्यामागच्या खिडकीतून कोवळं ऊन तिरपं आत यायचं, बाहेर कुठेतरी नव्या धानाच्या तणसाची शेकोटी धुमसत असायची, आणि त्या उन्हात माझ्या आईनं रामपायलीहून लग्नात दिलेला गडवा असा लाल उजळायचा की देवापुढे दिवा लावायच्या आधीच घरात कुणीतरी मंगल पाऊल टाकल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे पाण्याच्या मोठ्या लोट्याला गडवा म्हणतात. संध्याकाळी तो भरून झाकून ठेवायचा आणि सकाळी अनशापोटी त्यातलं पाणी प्यायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आई करायची, म्हणून मी करत आले. पोट साफ राहतं, रक्त शुद्ध होतं, रंग उजळतो. त्या पाण्याचे गुण सांगताना आमच्या बायांची जीभ थकत नाही.

त्या पाण्यानं माझ्या मुलीचं किती वाईट केलं, हा प्रश्न गेली दोन वर्षं माझ्यापाशी आहे. तो कुणाला विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसता मनात ठेवला होता. आता तिच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

पल्लवी माझी एकुलती एक. तिचे बाबा इथे बालाघाटला एका सरकारी कचेरीत चपराशी आहेत. साहेबांच्या दारापाशी तीस वर्षं उभं राहून त्यांनाही बोलण्यापेक्षा ऐकण्याचीच सवय झालेली. मी तर त्यांच्याहून अबोल. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या मामाच्या गावी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी परतले, आणि तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की माझा घसा आतून कुणी दाबून धरल्यासारखा होतो. दुकानात माझ्या मागून आलेली माणसं सामान घेऊन जातात, आणि मी पिशवीच्या बंदाशी खेळत उभी असते. अशा आम्हा दोघांच्या घरात ही मुलगी कुठून आली, असं मला नेहमी वाटायचं. ती हिंदी शाळेत शिकली, हिंदीतच भांडायची, हिंदीतच स्वप्नात बडबडायची. माझ्याशी मात्र आमच्या बोलीत बोलायची, आणि इतकं बोलायची की शेगडीवरचं दूधसुद्धा तिचं ऐकत ऐकत उतू जायचं.

ती दहावीत असताना शाळेची सहल मलाजखंडला तांब्याची खाण पाहायला गेली. परत आली ती त्या खोल खड्ड्याच्या गोष्टी घेऊन. राक्षसानं उतरायला केल्यासारख्या पायऱ्या, तळाशी हिरवं पाणी, वरून पाहिलं तर मुंग्यांएवढे दिसणारे ट्रक. खिशात एक दगडाचा तुकडा होता, उन्हात धरला की मोराच्या मानेसारखा निळा-जांभळा चमकणारा. ‘हे तांबं आहे, आई,’ ती म्हणाली. मला काही तो तांब्यासारखा दिसला नाही. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं. थोड्या दिवसांनी ती बाजारातून एक मोठा तक्ता घेऊन आली. आमच्या दोन खोल्यांतल्या बाकीच्या भिंतींना पावसाळ्याची ओल धरते, कोरडी भिंत एकच, ओट्यासमोरची. तिथे, डब्यांच्या फळीखाली, तिनं तो खिळे ठोकून लावला. आवर्त सारणी. जगातलं सगळं ज्या शंभरेक वस्तूंचं झालं आहे त्या सगळ्या तिथे ओळीनं मांडल्या होत्या. मला मात्र त्या रोवणी झालेल्या धानाच्या शेतांतल्या बांध्यांसारख्या दिसल्या; लहान लहान चौकोन, मध्ये मातीचे धुरे, कुठे हिरवा रंग, कुठे पिवळा, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोलगट जमीन.

‘आई, तुह्या या किचनमधे किती एलिमेंट आहेत, मालूम आहे काय?’

‘मले काय मालूम. फोडनी जळून राह्यली, बाजूले हो.’

‘फोडनी जळते म्हनजे कार्बन होते. तो बी आहे इथं.’

‘मंग तुहा कार्बनच खा आज पोळीसोबत.’

ती हसायची. तवा लोखंडाचा, पातेलं अॅल्युमिनियमचं, मिठात सोडियम, चुन्याच्या डबीत कॅल्शियम. माझ्या स्वयंपाकघराला ती अशी नावं ठेवत फिरायची आणि मी ऐकतही नाही असं दाखवत सगळं ऐकायची.

बारावीच्या वर्षी तिला कावीळ झाली. ते दिवस पावसाळा सरतानाचे होते, धान पोटरीला आलेलं, हवेत एक गोडसर, दुधाळ वास. पोरीच्या डोळ्यांत हळद उतरली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, आणि आमच्याकडे करतात तसं गावातल्या जाणकाराकडून काविळीची माळही आणून गळ्यात घातली. ती माळ दिवसेंदिवस लांब होत जाते आणि तिच्यासोबत कावीळ उतरते, असं म्हणतात. माळ लांब होऊन पोटापर्यंत आली. डोळे पिवळेच राहिले. तेव्हा मला माझ्या आईचा गडवा आठवला. आधी ती सकाळी एक पेला पाणी प्यायची, ते मी तीन पेले केलं. मग दिवसभराचं पाणीही त्यातलंच.

‘मले नको हे पानी. मळमळते, आई. खिळा चाटल्यासारखं लागते.’

‘औषद कधी गोड लागते का? पी गुपचूप.’

‘तू पी ना मंग.’

‘मले कावीळ झाली का?’

ती पेला तोंडाला लावायची आणि मी समोर उभी राहायची, पेला रिकामा होईस्तोवर. एवढ्या एका बाबतीत मी खमकी होते. जगापुढे जिचा आवाज निघत नाही ती बाई घरात कुठेतरी आवाज काढतेच, आणि मी तो तिथे काढला. महिन्याभरानं कावीळ उतरली. कशानं उतरली देव जाणे, पण श्रेय गडव्याला मिळालं. शेजारच्या कुंदाबाईंना मी स्वतः सांगितलं, आणि त्यांनीही आपल्या सुनेला तसं पाणी सुरू केलं. पल्लवीचे तीन पेले मग कायमचे राहिले.

आता वाटतं, मला कळायला हवं होतं. शाळेनं नाही, पण माझ्या हातांनी मला ते शिकवलं होतं. ताक, चिंचेचं सार, कैरीचं पन्हं आम्ही तांब्यात कधी ठेवत नाही; ठेवलं तर ते कळकतं, हिरवट पडतं, खाणाऱ्याला ओकारी होते. म्हणजे भांड्यातून काहीतरी सुटतं आणि अन्नात उतरतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तेच पाण्यात थोडं थोडं उतरलं की त्याला औषध म्हणायचं, हे आम्ही कधी ठरवलं आणि का ठरवलं, याचा मी कधी विचारच केला नाही.

त्याच हिवाळ्यात मला तिच्या डोळ्यांत एक कडं दिसलं. पल्लवीचे डोळे घारे आहेत, माझ्या आईवर गेलेले. अंगणात तिचे केस विंचरताना तिनं वर पाहिलं, आणि उन्हात तिच्या बुबुळाच्या कडेनं एक सोनेरी, तपकिरी रेघ फिरलेली दिसली, एखाद्या बशीला असावी तशी. मला ती फार सुंदर वाटली. वयात येताना मुलींचं रूप असं कुठून कुठून फुटतं, असं वाटून मी तिच्या कानामागे काजळाचं बोट टेकवलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिचा हात थरथरू लागला. आधी पेला धरताना, मग लिहिताना. प्रयोगशाळेत तिच्या हातून नळ्या फुटू लागल्या आणि मुली हसू लागल्या, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. तिचं अक्षर आधी मोत्यासारखं होतं. ते बारीक होत होत मुंग्यांची रांग झालं आणि मग ती रांगही मोडली. कुंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, ‘अवो, पोरीचे हात काहून थरथरते? शिकवू शिकवू वाळवली तुमी तिले. दोन वक्त खाऊ तं घालत जा.’ मी हसले. वाईट वाटलं की मी हसते, ही माझी जुनी खोड. घरात येऊन पल्लवीला अजून एक पेला पाणी दिला.

मग तिची जीभ जड झाली. बोलताना शब्द एकमेकांत चिकटू लागले, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळू लागली. जी मुलगी दुधाला उतू जायला लावायची, ती ‘आई’ म्हणायच्या आधी तोंड जुळवू लागली. इथल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, कुणी म्हणालं मनाचा आजार, कुणी म्हणालं नजर. शेवटी आम्ही तिला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला बोट नाकाला लावायला सांगितलं. ते गालावर गेलं. मग त्यांनी तिला डोळ्यांच्या यंत्रापुढे बसवलं, बराच वेळ पाहिलं, आणि आम्हाला विचारलं, ‘हे कडं कधी दिसलं नाही का तुम्हाला?’

मला ते दिसलं होतं. मी त्याला तीट लावली होती.

‘हे तांबं आहे,’ डॉक्टर म्हणाले. फार शांत आवाजात त्यांनी समजावलं. रोजच्या जेवणातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. हिच्या शरीरातलं ते बाहेर टाकणारं दार जन्मापासूनच नीट उघडत नाही. आधी ते लिव्हरमध्ये साठलं, ती कावीळ त्याचीच. मग मेंदूत उतरलं, मग डोळ्यांत. आजार आईबाप दोघांकडून थोडा थोडा येतो, तेव्हाच मुलात उमटतो. ‘आमच्या खानदानात कोनालेच नाही असं,’ पल्लवीचे बाबा म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली आणि चिठ्ठीवर लिहू लागले. काजू, तीळ, चॉकलेट, पावसाळ्यात जंगलातून येणाऱ्या अळंब्या, सगळं बंद. ‘आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर आजपासून अजिबात नाही.’

तेव्हाच विचारायला हवं होतं. प्रश्न ओठांपाशी आला होता, त्याची चवही मला कळली होती. पण डॉक्टरांनी घंटी वाजवली, पुढचा रोगी आत आला, आणि मी पदर सावरत बाहेर आले. बस स्टॅंडवर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभं असताना पल्लवीचे बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘काय वं, ते गडव्याचं पानी तूच पाजत होती ना तिले?’

एवढंच. पुन्हा ते वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही. ते वाईट माणूस नाहीत. उलट त्या दिवसापासून माझ्याशी जास्त सांभाळून बोलतात, आणि तेच मला सोसत नाही. त्यांनी रोज तोंडावर म्हटलं असतं तर कधी ना कधी मला रडून, भांडून मोकळं होता आलं असतं. घरी आल्यावर गडवा मी फडक्यात बांधून माळ्यावर टाकला.

औषधानं आधी ती अधिकच बिघडली. साठलेलं तांबं काढायला दिलेल्या गोळ्यांनी महिनाभरात तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं, चमचा तोंडापर्यंत पोचेना. असं कधी कधी होतं, डॉक्टर म्हणाले, आणि औषध बदललं. त्या वर्षी कॉलेज सुटलं. तिच्या मैत्रिणी आधी रोज यायच्या, मग रविवारी, मग परीक्षा आल्या. सकाळचं ऊन ओट्यावर पूर्वीसारखंच पडायचं; त्या उन्हात आता स्टीलची भांडी असायची, पांढरी, थंड, कशाचाही वास नसलेली.

एके दिवशी तिनं तिची प्रॅक्टिकलची फाइल माझ्यापुढे ठेवली. अर्धीच झालेली. त्यात तिला सगळी आवर्त सारणी स्वतःच्या हातानं काढायची होती, आणि अठ्ठाविसाव्या घरापाशी तिचा हात थांबला होता. तिचं बोलणं आता माझ्याशिवाय कुणाला उमगत नव्हतं. ती म्हणाली, ‘तू काढ.’

‘मी? मले अंग्रेजी येते का?’

‘रांगोळी येते ना?’

अशी माझी शाळा पुन्हा सुरू झाली. दुपारची भांडी झाली की मी पट्टी घेऊन बसायची, आणि ती भिंतीवरच्या तक्त्याकडे थरथरतं बोट दाखवत एकेक घर मला वाचून दाखवायची. पहिलंच घर माझ्या वाट्याला आलं ते एकोणतिसावं.

‘वर कोपऱ्यात आकडा आहे तो पयले लिही. उनतीस. तो त्याचा नंबर. त्याच्या एकेका कनाच्या आतमंधे तेवढे प्रोटॉन राहते, म्हनून तो नंबर. हा कधीच नाही बदलत.’

‘अन् बदलला तं?’

‘बदलला तं तो तोच नाही राहत. तीस झाला का जस्त होऊन जाते. हे पाय, बाजूच्याच घरी राहते जस्त. तेच तं मी खाऊन राह्यली दिवसातून तीनदा.’

तिच्या नव्या गोळ्या जस्ताच्या होत्या. ते पोटात असलं की नव्या तांब्याला आत शिरू देत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्या दोन चौकोनांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मध्ये एकच भिंत, नंबरात एकाचा फरक, आणि एक माझ्या मुलीला आतून भरत गेलेला, तर दुसरा तिच्या दारात आडवा पडून राहिलेला. माणसांतही शेजार असाच असतो.

आकड्याखाली मोठं अक्षर, सी, आणि त्याला लागून लहान यू. पहिलं अक्षर नेहमी मोठं, दुसरं लहान. दोन्ही मोठी काढली तर चूक. तांब्याचं नाव तांब्याच्या अक्षरानं का नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, फार जुन्या, आता कुणी बोलत नाही अशा भाषेतलं ते नाव आहे. त्याखाली हिंदीत नाव. हे सगळं काढताना माझी जीभ दातांत यायची, चौथीत यायची तशी. ती माझ्या अक्षरावर हसायची. तिचं हसू आता वाकडं होतं, पण ते तिचंच होतं.

‘माह्यं बी एक घर काढ,’ एकदा ती म्हणाली. ‘मी तं आता मलाजखंडच झाली, आई. खोदा अन् तांबं काढा.’

मी तिला रागावले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

सगळ्यात खालचा आकडा मी चुकवला. तिथे त्रेसष्ट होतं, पुढे एक टिंब आणि अजून दोन आकडे. जागा पुरेना म्हणून मी नुसतं त्रेसष्ट लिहिलं.

‘पॉइंट काहून सोडला?’

‘मले वाटलं चिल्लर आहे.’

‘चिल्लर नोहे. ते वजन आहे.’ मग ती थांबत, शब्द गोळा करत सांगू लागली, आणि ते सांगायला तिला बराच वेळ लागला. तांब्याचे कण सगळे सारख्या वजनाचे नसतात. काही त्रेसष्टचे असतात, काही पासष्टचे. नंबर सगळ्यांचा एकच, म्हणून सगळे तांबंच. पण वजन दोन तऱ्हेचं. ते दोन्ही नेहमी मिसळलेले असतात, म्हणून सगळ्यांची मिळून सरासरी काढून ती घरात लिहिली आहे. त्रेसष्ट आणि वर थोडं.

‘मंग तो त्रेसष्ट अन् थोड्याचा कन कोनता?’

‘कोनताच नाही. साऱ्या दुनियेत तसा एक बी नाही.’

मी खोडून पुन्हा लिहिलं, टिंब देऊन. पण ते वाक्य माझ्यापाशी राहून गेलं. ज्या वजनाचा जगात एकही कण नाही ते वजन घरात लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नसतं. तांदूळ निवडताना मला ते आठवायचं. चिन्नोरच्या सुवासिक तांदळात जाड तांदूळ मिसळला की शिजताना वास येतो, पण अर्धाच. त्या वासात चिन्नोर किती आणि साधा किती, हे भात झाल्यावर कुणी वेगळं करून दाखवू शकत नाही. माझ्या मुलीच्या आजाराचंही तसंच असेल का? काही तिच्या रक्तातून आलेलं, माझ्या आणि तिच्या बाबांच्या कुळांतून, जे कुणाच्याच हातात नव्हतं. काही त्या पेल्यांतून आलेलं, जे केवळ माझ्या हातात होतं. दोन्ही मिळून तो थरथरता हात. त्यातला माझा वाटा किती? असे प्रश्न दुपारच्या शांततेत फार मोठे होतात. बाहेर पळसाची पानं गळत असायची, अंगणात कावळा एकाच सुरात ओरडत राहायचा, आणि पल्लवी भिंतीला टेकून पुढच्या घराकडे बोट दाखवत असायची.

गेल्या महिन्यात तपासणीला आम्ही दोघीच गेलो. तिच्या बाबांना रजा मिळाली नव्हती. सकाळी वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं, नदी दिसत नव्हती, नुसता तिचा गारठा बसच्या खिडकीतून आत येत होता. मी रस्ताभर ते वाक्य मनात घोकत होते, पाठ केलेल्या कवितेसारखं. डॉक्टरांनी कागद पाहिले. लघवीतलं तांबं उतरत होतं. हात मात्र तेवढाच थरथरत होता. मेंदूतलं गेलेलं किती परत येईल, हे आणखी एक-दोन वर्षांनी कळेल, कदाचित सगळं येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते लिहू लागले. मी टेबलाची कड धरली.

‘डॉक्टरसाहेब, म्या तिले तांब्याचं पानी पाजलं. दोन वर्सं. तिले नको होतं तरी पाजलं. त्यानंच झालं का?’

त्यांचा पेन थांबला. त्यांनी चष्मा काढला, आणि त्या क्षणी मला वाटलं की मी विचारायला नको होतं.

‘नाही ताई. आजार जन्माचा आहे. तुम्ही एक थेंब पाजला नसता तरी तो झालाच असता.’ ते थोडे थांबले. खोटं बोलायचं नसलेला माणूस थांबतो तसे. ‘थोडी भर पडली असेल. थोडीच.’

‘थोडी म्हनजे किती?’

‘ते कुणालाच मोजता येणार नाही.’

तेवढ्यात पल्लवी काहीतरी म्हणाली. घाईनं म्हणाली, म्हणून शब्द आणखीच चिकटले. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘काय म्हणते ती?’

तिचं बोलणं लोकांना समजावून सांगणारी मीच एकटी. मला ते सांगावं लागलं.

‘ती म्हनते, अर्धं पानी तं ती मोरीत सांडत होती. मले मालूम न पडू देता.’

डॉक्टर हसले. ‘हुशार आहे पोरगी,’ म्हणाले, आणि पुढची तारीख लिहून दिली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि थोड्याच वेळात माझ्या खांद्यावर झोपली. बाहेर धान कापून झालेलं होतं. रिकाम्या बांध्यांत तिसऱ्या प्रहराचं ऊन पडलेलं, पिवळं, कशालाही न तापवणारं, आणि त्यात उभी धसकटं. मी त्या पेल्यांच्या सकाळी एकेक करून आठवत होते. मी समोर उभी असायची. पेला रिकामा होईस्तोवर उभी असायची. पण रोजच का? दाराशी कुणी हाक मारली असेल, दूध वर आलं असेल, दोन क्षण पाठ फिरली असेल. अर्धं पाणी सांडायला दोन क्षण पुरतात. किंवा तिनं एक थेंबही सांडला नसेल, आणि आज डॉक्टरांच्या खोलीत, माझा आवाज कापताना ऐकून, तिला पहिल्यांदाच ते सुचलं असेल.

झोपेत तिचा हात थांबतो. हे मला आधीपासून माहीत आहे, पण दर वेळी नव्यानं दिसतं. माझ्या मांडीवर तो पडला होता, बोटं किंचित मिटलेली, दहावीतल्या मुलीच्या हातासारखी शांत. पाहता पाहता आधी मला सुख झालं आणि मग भीती वाटली. एवढी शांतता मला आता सोसत नाही. मी हळूच तिच्या नाकापाशी बोट नेलं. उबदार श्वास लागला.

वारासिवनीच्या अलीकडे बस एका खड्ड्यात आदळली. ती दचकून जागी झाली, आणि तिची बोटं पुन्हा थरथरू लागली. मी ती दोन्ही हातांत धरली. ‘पानी पायजे का?’ मी विचारलं. तिनं मान हलवली आणि माझ्याकडे पाहत राहिली, आपल्याला आता काहीतरी विचारलं जाणार आहे हे माहीत असल्यासारखी.

मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिला मला पुन्हा एकदा वाचवावं लागलं असतं.